शिकविणें आणि वांकविणें

अध्यापनाच्या धंद्यांत ज्याच्या आयुष्याचीं पंचवीस-तीस वर्षें गेलीं आहेत, अशा मनुष्यास एक प्रश्न केव्हां ना केव्हां तरी गांठल्यावांचून राहत नाहीं. आपण इतक्या मुलांस शिकविलें, कीं नुसतें वांकविलें? मला हा प्रश्न गांठला तो वर्गांत नव्हे, उत्तरपत्रिका तपासतांनाहि नव्हे. तर घरापासून हजारों मैल दूर, व्हिएन्ना शहरांतील एका अश्वशाळेच्या सज्जांत, सकाळच्या प्रहरीं. वाचकांस याचें नवल वाटेल. वास्तविक घोड्याशीं माझा संबंध एवढाच कीं, स्वतःच्या लग्नाच्या वरातींत अर्धा तास मी त्याच्या पाठीवर बसलों होतों, आणि तोहि लगाम मोतद्दाराच्या हातांत असतांना. तेव्हां प्रस्तुत लेखांत अश्वविद्येसंबंधीं जें कांहीं येईल तें पाहिलेलें, वाचलेलें आणि एका जाणत्या स्नेह्याकडून समजून घेतलेलें आहे, हें आधींच सांगून टाकलेलें बरें. वर्गांतील अनुभव मात्र माझा स्वतःचा आहे.

ज्या शाळेचा उल्लेख केला ती व्हिएन्नाची स्पॅनिश रायडिंग स्कूल. नांवांतील 'स्पॅनिश' हें विशेषण मूळच्या स्पेनकडील घोड्यांवरून आलेलें, शाळा ऑस्ट्रियाचीच. तिचा हिवाळी मंडप १७२९ ते १७३५ या वर्षांत बांधला गेला. शुभ्र भिंती, वरखालीं सज्जे, छतास लोंबणारीं झुंबरें, आणि एका टोकास ज्या बादशहाच्या कारकीर्दींत तो उभा राहिला त्या सहाव्या चार्ल्सचें चित्र. मंडपांत येणारा स्वार या चित्रापुढें टोपी काढून मुजरा करतो. १९१८ सालीं बादशाही गेली, पण मुजरा राहिला. येथील लिपिझान घोडे जन्मतः काळसर असतात आणि वयाबरोबर पांढरे होत जातात. त्यामुळें कोण नवशिका आणि कोण मुरलेला, हें माझ्यासारख्या अडाण्यासहि बहुधा रंगावरूनच ओळखतां येतें.

त्या सकाळीं असाच एक करडा घोडा तिरपी चाल शिकत होता. भिंतीच्या कडेनें चालतां चालतां स्वारानें त्याचे खांदे किंचित् आंत घेतले. दोन-तीन पावलें बरीं पडलीं. मग घोड्यानें पाठ आवळली, शेपटी झटकली, आणि मागचा भाग बाहेर सोडून देऊन तो मोकळा झाला. मला वाटलें, आतां टांच बसेल, निदान लगामास हिसका तरी बसेल. तसें कांहींच झालें नाहीं. स्वारानें त्यास एका लहान वर्तुळांत वळविलें, एक फेरा दिला, आणि वर्तुळ संपून भिंत पुन्हा जेथें लागते तेथें तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळीं चार पावलें पडलीं. चौथ्या पावलाबरोबर लगाम सैल झाला, मान थोपटली गेली, आणि स्वारानें कोटाच्या मागल्या खिशांतून साखरेचा खडा काढून त्याच्या तोंडाशीं नेला. तिरप्या चालीचा त्या दिवसाचा पाठ चार पावलांवर संपला. तासाची घंटा होईपर्यंत विद्यार्थ्यास सोडावयाचें नाहीं, हा माझा आजन्म बाणा. चार पावलांवर थांबणें मला कधींच जमलें नव्हतें.

या चालीस इंग्रजींत 'शोल्डर-इन' म्हणतात. घोडा जातो भिंतीच्या कडेनें, पण पाहतो आंत. त्याचें शरीर स्वाराच्या आंतल्या पायाभोंवतीं धनुष्यासारखें किंचित् वांकलेलें असतें. खांदे भिंतीच्या रेषेपासून सुमारें तीस अंशांनीं आंत येतात, मागचे पाय भिंतीलगत राहतात. समोरून पाहिलें तर चार पायांच्या तीनच रेषा दिसतात, कारण बाहेरचा पुढचा पाय आणि आंतला मागचा पाय एकाच रेषेवर पडतात. स्वाराचा आंतला पाय तंगापाशीं राहून बांक देतो, बाहेरचा पाय जरा मागें राहून पुठ्ठ्यास निसटूं देत नाहीं, बाहेरचा लगाम खांदा सांवरतो, आणि आंतला लगाम तोंड कोणीकडे हवें एवढेंच सुचवितो. याच कुळांत पुठ्ठा आंत घेऊन चालण्याची 'ट्रॅव्हर्स', तिची उलट 'रेन्व्हर्स', आणि मैदान तिरपें कापीत जाणारी 'हाफ-पास' या चाली येतात. पण बहुतेकांच्या मतें मूळ धडा हाच.

हा खटाटोप कशासाठीं, हें कळल्याशिवाय पुढील प्रश्नाची धार कळणार नाहीं. घोडा हें चरणारें जनावर. त्याच्या शरीराचा अधिक भार स्वभावतःच पुढच्या पायांवर असतो, आणि मनुष्य पाठीवर बसला कीं त्यांत भर पडते. शिवाय आपण जसे डावरे किंवा उजवे असतों तसा घोडाहि असतो. एका बाजूस तो सहज वळतो, दुसऱ्या बाजूस लांकडासारखा ताठ राहतो. तिरप्या चालींत आंतला मागचा पाय शरीराच्या मध्याखालीं यावाच लागतो. त्या बाजूचा पुठ्ठा झुकतो, भार मागें सरकतो, खांदे हलके होतात. दोन्ही बाजूंनीं आळीपाळीनें हें केलें म्हणजे डावें-उजवें हळूहळू समान होतें. सारांश, घोडा सरळ व्हावा म्हणून त्यास तिरपें चालवावयाचें. एकोणिसाव्या शतकांतील जर्मन अश्वगुरु गुस्टाव्ह स्टाइनब्रेख्ट याचा सारा कटाक्ष घोडा पुढें जावा आणि सरळ असावा यावर होता, आणि त्यानेंच तिरप्या चालींचा अभ्यासहि बारकाईनें सांगितला आहे. यांत विसंगति नाहीं. जो वांकूं शकत नाहीं त्याचा सरळपणा म्हणजे केवळ ताठरपणा होय.

या विद्येचा इतिहास आमच्या छडीच्या इतिहासासारखाच आहे. नेपल्सच्या फेदेरिको ग्रिसोने यानें १५५० सालीं अश्वशिक्षणावर ग्रंथ छापला. त्यांत घोड्यास चुचकारण्याचेंहि सांगितलें आहे. परंतु हट्टी घोड्यास वठणीवर आणण्याचे जे उपाय दिले आहेत ते वाचतांना अंगावर कांटा येतो. पुढें फ्रान्समध्यें तेराव्या लुईचा अश्वगुरु प्ल्युव्हिनेल यानें घोड्याच्या बुद्धीस आवाहन करावें आणि मार शक्य तितका टाळावा असा मार्ग दाखविला. इंग्लंडांतील यादवींत राजपक्षाचा पाडाव झाल्यावर अँटवर्प येथें परागंदा होऊन राहिलेल्या न्यूकॅसलनें १६५८ सालीं फ्रेंच भाषेंत आपला ग्रंथ काढला. घोड्याचें डोकें आंत घेऊन त्यास वर्तुळांत फिरविण्याची कसरत त्याच्या आवडीची. ती वर्तुळांतून काढून सरळ भिंतीच्या कडेस आणली ती ला गेरिनिएर यानें. त्याचा ग्रंथ १७३३ सालचा. घोड्याच्या सर्व पाठांत हाच पाठ पहिला आणि हाच शेवटचा, असें त्याचें मत होतें, आणि व्हिएन्नाची शाळा त्यासच गुरुस्थानीं मानते.

परंतु ग्रिसोनेच्याहि सुमारें एकोणीसशें वर्षें आधीं सॉक्रेटिसाचा शिष्य झेनोफोन यानें या प्रश्नाचें मर्म सांगून ठेवलें होतें. जबरदस्तीनें घोडा जें करतो तें त्यास समजलेलें नसतें, आणि चाबूक मारून नाचविलेल्या नर्तकाच्या नृत्याइतकेंच तें कुरूप असतें, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. एवढें स्वच्छ सांगितलेलें असतांहि तें शतकानुशतकें विसरलें गेलें. सौम्यतेचा शोध एकदां लागला म्हणजे कायमचा लागला, असें होत नाहीं. प्रत्येक पिढीस, आणि मला वाटतें प्रत्येक शिक्षकास, तो नव्यानें लावावा लागतो.

मला तो फार उशिरां लागला. नोकरीच्या पहिल्या पांच-सात वर्षांतील गोष्ट आहे. एक खेड्यांतून आलेला मुलगा माझ्या इंग्रजीच्या वर्गांत होता. हुषार होता, पण मोठ्यानें वाचावयास सांगितलें कीं त्याची जीभ टाळ्यास चिकटे. एके दिवशीं मीं हट्ट धरला. एक उतारा बिनचूक वाचल्याशिवाय त्यानें खालीं बसावयाचें नाहीं. इतर मुलें हंसलीं; मीं त्यांस दटावलें, आणि तेवढ्यावरून स्वतःस न्यायी समजलों. पाऊण तास तो उभा होता. शेवटीं उतारा बिनचूक आला. मला धन्यता वाटली. त्यानंतर तीन वर्षांत त्या मुलानें वर्गांत एकहि प्रश्न विचारला नाहीं. हें त्या वेळीं माझ्या ध्यानांतहि आलें नाहीं, कारण त्याचे गुण चांगले येत होते.

बऱ्याच वर्षांनीं तो मला रस्त्यांत भेटला. वांकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, तुमच्यामुळें मला इंग्रजी आलें." मी सुखावलों. मग तोच सहज म्हणाला, "अजून चारचौघांत कोणी कागद वाचावयास दिला कीं घसा कोरडा पडतो." त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, आणि म्हणूनच तें मला अधिक लागलें. दोन्ही गोष्टी त्यास मींच शिकविल्या होत्या, एकाच पाऊण तासांत. व्हिएन्नाच्या सज्जांत करड्या घोड्याची आवळलेली पाठ पाहतांना मला आठवली ती ह्याची उभी मूर्ति. बळजबरीनेंहि घोड्याचे पाय एकमेकांवरून आडवे पडतात. दुरून पाहणारास चाल बरोबरच दिसते. पण ज्या पाठीच्या सैलपणासाठीं ती चाल शिकवावयाची, ती पाठच आवळलेली राहते.

परत आल्यावर मीं ही हकीकत आमच्या शेजारच्या रिसालदारसाहेबांस सांगितली. त्यांची हयात घोडदळांत गेलेली. कोंवळ्या घोड्यास काव्यावर धरून वर्तुळांत फिरविण्यापासून सर्व कामें त्यांनीं स्वतः केलेलीं. ते हंसून म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, साखरेवर भुलूं नका. कावा हा शब्द घोड्याच्या फेऱ्याचाहि आहे आणि डावपेंचाचाहि. मारून करून घ्या कीं गोंजारून करून घ्या, करून घेतां तें तुमच्याच मनासारखें. घोड्यानें का कधीं मागितली होती ती तिरपी चाल?"

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाहीं. किंबहुना साऱ्या प्रश्नाचें खरें टोंक हेंच आहे. क्रूरता वाईट हें सांगावयास तत्त्वज्ञानाची गरज नाहीं. परंतु सौम्यता ही जर केवळ अधिक कार्यक्षम सत्ता असेल, तर तिचें श्रेय नैतिक कसें? घोडा शिकतो कसा हें पाहिलें तर रिसालदारसाहेबांचा मुद्दा अधिकच बळावतो. घोड्यास साखर बहुतांशीं वरकड आहे. तो मुख्यतः शिकतो तो दाब थांबण्यापासून. स्वाराचा पाय कुशीला लागतो, घोडा त्यापासून सरकतो, आणि त्याच क्षणीं पाय सैल पडतो. तो सैल पडणें हाच शिक्षकाचा 'होय'. म्हणजे सर्वांत सौम्य शिक्षणाच्या मुळाशींहि एक लहानशी अडचण, एक टोंचणी, ठेवलेली असतेच.

मग भेद उरला कोठें? माझ्या मतें तो दाब आहे कीं नाहीं यांत नाहीं, तर तो दाब प्रामाणिक आहे कीं नाहीं यांत आहे. उत्तर मिळतांच जो दाब थांबतो तो प्रश्न असतो. उत्तर मिळूनहि जो थांबत नाहीं ती शिक्षा असते. आणि कोणत्याहि उत्तरानें जो थांबत नाहीं तो नाश असतो. १९६७ सालीं अमेरिकेंत सेलिगमन आणि मेयर यांनीं कुत्र्यांवर जे प्रयोग केले त्यांतून हें भयंकर रीतीनें दिसून आलें. कांहींहि केलें तरी विजेचा धक्का टळत नाहीं, हें ज्या कुत्र्यांनीं अनुभविलें, त्यांतील बरींचशीं कुत्रीं पुढें सुटकेची वाट मोकळी असतांहि जागचीं हललीं नाहींत. अशा जनावरास बाहेरचा मनुष्य शांत म्हणेल, शिस्तीचें म्हणेल. निराशा आणि आज्ञाधारकपणा बाहेरून सारखेच दिसतात. ज्या वर्गांत टांचणी पडली तरी ऐकूं येते त्या वर्गाचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हां शिक्षकांनीं हें वाक्य पुन्हा एकदां वाचावें.

दुसरी गोष्ट, दाब देणारानें ऐकलेंहि पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिनमध्यें 'हान्स' नांवाचा एक घोडा गणितें सोडवितो म्हणून गाजला. १९०७ सालीं ऑस्कर फुंग्स्ट यानें शोध प्रसिद्ध केला कीं, घोड्यास गणित येत नाहीं. खूर आपटतां आपटतां बरोबर आंकडा आला म्हणजे विचारणाराचें डोकें नकळत किंचित् हलतें, तें तो ओळखतो. लोक घोड्यास हंसले. मला वाटतें, हंसें व्हावयास पाहिजे होतें मनुष्याचें. ज्या हालचालीचा आपणांस स्वतःस पत्ता नव्हता, ती त्या पशूनें वाचली होती. जो जीव आपलें इतकें ऐकतो, त्याचें आपण किती ऐकतों? त्याचे कान, त्याची शेपटी, त्याची पाठ हीच त्याची भाषा. करड्या घोड्यानें शेपटी झटकली तेव्हां तो 'नाहीं' म्हणाला, आणि स्वारानें तें 'नाहीं' अपमान म्हणून न घेतां माहिती म्हणून घेतलें. वर्तुळ काढलें तें त्यासाठीं. कदाचित् त्याचा स्वतःचाच भार एका कुल्ल्यावर पडला असेल. स्वार वांकडा बसला तर घोडा सरळ जात नाहीं, असें जाणते सांगतात. माझ्या वर्गांतील त्या मुलाचें मौन हेंहि एक 'नाहीं' होतें. मीं तें आळस म्हणून वाचलें.

येथें आपल्या परंपरेंतील एका थोर रूपकाची आठवण होते. कठोपनिषदांत शरीर हा रथ, बुद्धि सारथी, मन हा लगाम आणि इंद्रियें हे घोडे मानिले आहेत. आत्मसंयमाचें याहून सुंदर चित्र नाहीं. पण आम्हीं नकळत तें चित्र वर्गांत आणून टांगलें, आणि विद्यार्थ्यास घोड्याच्या जागीं जुंपून स्वतः सारथी झालों. उपनिषदांतील घोडे माझेच आहेत. त्यांस स्वतःची बाजू नाहीं. स्वतःच्या इंद्रियांस आवरणें हा संयम. दुसऱ्या जीवास आवरणें ही सत्ता. संयमाचें पुण्य सत्तेच्या खातीं जमा करतां येत नाहीं. ज्यानें लगाम हातीं धरला आहे त्यानें आधीं तो रथ स्वतःच्या घरीं हांकून पाहावा.

हा उपदेश जुन्या काळापुरता नाहीं. घोड्याची मान बळानें छातीकडे ओढून धरण्याची रीत अमान्य असल्याचें आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघास २०१० सालीं जाहीर करावें लागलें. २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकच्या तोंडावर, अनेक पदकें मिळविलेल्या एका स्वारास शिकवणी देतांना घोड्यास वारंवार चाबूक मारल्याच्या चित्रफितीमुळें माघार घ्यावी लागली, आणि पुढें एक वर्षाची बंदीहि झाली. २०२३ सालीं हांगचौ येथें याच कलेंत भारतीय संघानें आशियाई सुवर्णपदक मिळविलें, आणि त्या चौघांत एक मुंबईचा तरुण होता, याचा मला इतरांइतकाच आनंद झाला. परंतु जेथें पदकें येतात तेथें घाईहि येते, आणि चार पावलांवर थांबावयाचें धैर्य सर्वांत आधीं घाईच हिरावून घेते. आमच्या निकालाच्या टक्केवारींत आणि त्यांच्या गुणपत्रिकेंत या बाबतींत फारसा फरक नाहीं.

रिसालदारसाहेबांच्या प्रश्नाचें पूर्ण उत्तर मात्र मजपाशीं नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. तिरप्या चालीनें घोड्याचें शरीर घडतें, पाठ टिकते, हें खरें. पण त्याच्या पाठीवर आम्ही बसलोंच नसतों तर ती टिकविण्याची चिंता एवढी पडली नसती, हेंहि तितकेंच खरें. आपणच लादलेला भार वाहण्यास त्यास समर्थ करणें यास उपकार म्हणतां येणार नाहीं. फार तर ऋणाची फेड म्हणतां येईल. आणि जें ऋण आहे तें फेडावयाचें असतें, मिरवावयाचें नसतें. विद्यार्थ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तो एक दिवस लगाम आमच्या हातांतून घेऊन आपल्या वाटेनें निघून जातो, आणि आमचें शिक्षण खरें कीं खोटें हें त्या दिवसापासून ठरूं लागतें. घोड्यास तो दिवस येत नाहीं. म्हणूनच माझ्या समजुतीनें घोड्याच्या बाबतींत आपली जबाबदारी कमी नव्हे, अधिक आहे.

गेल्या सत्रांत एका मुलीस मीं कविता वाचावयास सांगितली. तिसऱ्या ओळीवर तिचा आवाज अडकला. जुना हट्ट माझ्या ओठांपर्यंत आला होता. घड्याळांत अजून पंचवीस मिनिटें होतीं. मीं तिला खालीं बसावयास सांगितलें, ती ओळ मींच वाचली, आणि तिचा अर्थ तुला काय वाटतो तें मराठींतच सांग, असें म्हटलें. ती जरा थांबली, आणि मग बसल्याबसल्याच बोलली. फार नाहीं, चार वाक्यें. तेवढ्यावर मीं तिला थांबूं दिलें.